कोरडा भुसा

कोणे एके काळी, घराघरांत अजून तेलाचे दिवे जळत होते तेव्हाची ही गोष्ट. पुढे बसलेल्या मुलांनो, ऐका. आणि मुलांना गोष्ट ऐकवायच्या निमित्ताने मागे येऊन टेकलेल्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका. ही चूक मुलांच्या हातून फारशी होत नाही.

एका गावात एक तेली राहत होता. त्याच्या अंगणात आजोबांच्या वेळचा चिंचेच्या खोडाचा घाणा होता. खोड जमिनीत खोल गाडलेलं, त्याच्या पोकळीत उभी फिरणारी लाकडाची लाट, आणि लाटेला जुंपलेला म्हातारा बैल. तीन पिढ्यांचं तेल पिऊन ते खोड काळंभोर आणि गुळगुळीत झालं होतं. बैल आता थकला होता, पण गोठ्यात एक खोंड वाढत होता. दिवाळीनंतर खोंडाला घाण्याला जुंपायचं आणि म्हाताऱ्याला दावणीला बसवून खाऊ घालायचं, असं तेल्याने आणि त्याच्या बायकोने ठरवून ठेवलं होतं.

तेली मनाने फार चांगला होता. फक्त एक खोड त्याला होती. समोरच्याला वाईट वाटेल असं काही त्याच्या तोंडून निघतच नसे. कोणी माप कमी घातलं तरी हा म्हणायचा, असू दे. लोक त्याला भला माणूस म्हणत, आणि तो त्यावर खूश असे.

एक दिवस घाणा कुरकुरू लागला. दुसऱ्या दिवशी लाट अडखळू लागली. तेल्याने कारागिराला बोलावणं पाठवलं. हा कारागीर गावोगाव फिरून घाणे, रहाट, गाड्यांची चाकं दुरुस्त करायचा. तेल्याच्या वडिलांचा तो जिवाभावाचा मित्र. वडील वारले तेव्हा तिरडीला खांदा द्यायला तोच पुढे होता. तेली त्याला अण्णा म्हणायचा.

अण्णा आले, जेवले, घाण्याभोवती फिरले. मग खोडाच्या बुंध्याशी खड्डा उकरून त्यांनी आत हात घातला आणि मूठभर भुसा बाहेर काढला. खोड आतून किडलंय, ते म्हणाले. आज ना उद्या दुभंगणार, आणि तेव्हा बैलाचा पाय मोडला तर मला बोल लावू नकोस. नवं खोड आणून बसवून देईन, पण लाकूड महाग, मेहनतही मोठी. बदल्यात तुझा तो खोंड दे. जुनं खोड मी नेईन, तशी रीतच आहे.

रीत खरंच तशी होती. काढलेलं लाकूड कारागिराचं.

तेल्याने गोठ्याकडे पाहिलं. खोंड गेला तर म्हाताऱ्या बैलाची सुटका कशी व्हायची? पण तोंडाने तो एवढंच म्हणाला, की सकाळी सांगतो.

रात्री जेवताना त्याच्या बायकोने तो भुसा त्याच्यापुढे धरला. तिने तो बोटांत चोळून पाहिला होता. बोटांना तेलाचा ओशटपणा लागला नव्हता. तीन पिढ्या तेलात मुरलेल्या लाकडाचा भुसा इतका कोरडा आणि पांढरा कसा, असं तिने विचारलं. गंमत अशी, की तेल्याच्याही मनात दुपारपासून तेच घोळत होतं.

"खड्डा उघडाच आहे," ती म्हणाली. "सकाळी आत हात घालून बघा. किडलं असेल तर खोंड आनंदाने देऊ."

"माझ्या बापाला खांदा दिलेल्या माणसासमोर मी हात घालून बघू? म्हणजे तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखंच की."

"भीड भिकेची बहीण असते, एवढं ध्यानात ठेवा," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

सकाळी अण्णा खड्ड्यापाशी उभे होते. तेली आला तसे ते स्वतःहून म्हणाले, "बघून घे बाबा. हात घाल आत. मागाहून मनात काही राहायला नको."

तेली खड्ड्याजवळ उकिडवा बसला. हात पुढे गेला. एक वीत अंतर राहिलं असेल. बघावं असं त्याला फार, फार वाटत होतं. पण अण्णा वरून पाहत होते, आणि तेल्याला त्या नजरेचीच लाज वाटली. हात मागे घेऊन तो हसला.

"छे अण्णा. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे."

विश्वास नव्हता हो! विश्वास असता तर रात्रभर त्याला झोप लागली असती. पण तसं म्हणणं सोपं होतं.

नवं खोड आलं. जुनं अण्णांनी गाडीत घातलं, तेव्हाही तेल्याने भिडेने त्याच्या बुंध्याकडे पाहिलं नाही, आणि गाडीमागे बांधलेला खोंड मान वळवून वळवून हंबरत गेला. नवं लाकूड ओलं होतं. उन्हाळा लागला तसं ते तडकू लागलं. निम्मं तेल भेगांत जिरायचं, निम्मं मातीत झिरपायचं. लाट जड फिरायची, आणि म्हाताऱ्या बैलाला ती एकट्यालाच ओढावी लागायची. तेली त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचा, थोडे दिवस काढ बाबा. एका दुपारी बैल फिरता फिरता खाली बसला, आणि मग काही केल्या उठला नाही.

घाणा बंद पडला. ज्याच्या तेलावर गावाचे दिवे जळायचे, तोच तेली आता तिळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन टेकडीपलीकडच्या गावी तेल गाळून आणायला निघाला.

त्या गावच्या घाण्याशी पोचायच्या आधीच त्याची पावलं थबकली. लहानपणापासून ऐकलेला आवाज त्याच्या कानावर आला. तो धावत आत गेला. त्याच्या आजोबांचं खोड तिथे फिरत्या लाटेखाली तेल गाळत उभं होतं, काळंभोर, गुळगुळीत.

घाणेवाल्याने कौतुकाने सांगितलं, की एका कारागिराकडून घेतलंय. सुरुवातीला जरा कुरकुरायचं, पण लाटेची पाचर सैल होती, ती बदलली आणि आवाज थांबला. गाडायच्या आधी त्याने तळापासून हात फिरवून पाहिलं होतं. कुठे कीड नाही की भेग नाही.

"तुम्ही हात फिरवलात, तेव्हा कारागीर रागावला नाही?" तेल्याने विचारलं.

"बघितल्यावर रागवायचं काय त्यात?" घाणेवाला म्हणाला. त्याला तो प्रश्नच कळला नाही.

तेली तिथून थेट अण्णांच्या दारी गेला. अण्णा ओसरीवर बसले होते. त्याला पाहून त्यांनी मान खाली घातली. नाकारलं नाही, की सबब सांगितली नाही. खोंड विकला होता, पैसे कधीच संपले होते.

"अण्णा, खोडाला काही झालं नव्हतं."

"नव्हतं. भुसा मी बाहेरून मुठीत आणला होता."

"मग मला हात घाल का म्हणालात?"

अण्णांनी सरकून त्याला ओसरीवर बसायला जागा केली. मग म्हणाले, "तू हात पुढे केलास तेव्हा मी वरून बघत होतो. मनात म्हणत होतो, घालू दे याला हात, पकडू दे मला. तू घातला असतास तर चूक झाली म्हणालो असतो, एक पाचर ठोकली असती आणि जेवून गेलो असतो. तू विश्वास आहे म्हणालास, आणि मला मागे फिरायला वाटच उरली नाही."

तेली ओसरीच्या कडेला टेकला.

"तुझा बाप दर खेपेला हात घालून बघायचा," अण्णा म्हणाले. "मी काढलेली प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघायचा, मगच पुढचं बोलायचा. म्हणून तर त्याला खांदा देताना माझी मान ताठ होती."

तेली उठला आणि घरी परतला. वाटेत त्याला खोंड आठवला, बैल आठवला. एक वीत पुढे जायचा राहिलेला स्वतःचा हात आठवला आणि त्याला रडू आलं. लोक त्याला पुढेही भला माणूसच म्हणत राहिले. त्याला मात्र ते ऐकवत नसे.

तात्पर्य: मनात आलेली शंका भिडेपोटी गिळू नये, त्याने आपलं घर बुडतं आणि समोरच्याचं इमानही.