उभे कित्याक? बसा

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव खाडीच्या काठचं. त्याला गाडीरस्ता नव्हता, येणं-जाणं सगळं होडीने. माणसाचं नाव न्हानू. वय तिशीच्या पुढे, अंग दणकट, पोहायला पटाईत. त्याला कोणी मूर्ख म्हणत नसे. लोक म्हणत, न्हानू ऐकतो. सांगाल ते ऐकतो, सांगाल तसं करतो आणि एकदा ऐकलेलं विसरत नाही. सगळी पंचाईत इथेच होती.

गावच्या शाळेत शालनबाई खेळ शिकवायच्या. त्यांनी खेळखात्याच्या साहेबांकडे वर्षभर अर्ज करून सहा पॅडलबोर्ड मिळवले. पॅडलबोर्ड म्हणजे माणसापेक्षा लांब अशी एक रुंद फळी. पाण्यात तिच्यावर ताठ उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने वल्हवत जायचं. गावाने पहिल्याच दिवशी तिला 'फळी' करून टाकलं. साहेबांनी अट घातली होती. तीन महिन्यांनी ते बघायला येणार. जेटीपासून खाडीतल्या खांबाला वळसा घालून परत जेटीपर्यंत निदान एक तरी मूल उभं राहून आलं, तर फळ्या गावाला. गुडघे टेकले, बूड टेकलं, तर फळ्या दुसऱ्या गावाला.

तुम्ही म्हणाल, खाडीकाठची मुलं, त्यांना काय कठीण? तर तेच कठीण होतं. मासेमाऱ्याच्या घरात मूल बोलायला लागायच्या आधी त्याला एकच गोष्ट शिकवतात, होडीत उभं राहायचं नाही. उभं राहिलं की पाठीत धपाटा. त्यामुळे बाईंची मुलं फळीवर चढायची, उभी राहायची आणि काठावरून कोणी 'बस' म्हटलं की मुकाट बसायची.

त्यात सगळ्यात लवकर बसायची वैजू. बारा वर्षांची, काटकुळी, तोल असा की बाई बघत राहायच्या. पण तिची आत्या, द्रौपदी, रोज मासळीची टोपली घेऊन जेटीवर हजर. वैजूचा बाप एकदा होडीत उभा राहिला होता. जाळ्यासकट खाडीत गेला, तेव्हापासून लंगडतो. आत्याचा जीव धसकलेला. वैजू उभी राहिली रे राहिली की आत्या हाक मारी, "बस गो, पडशीत." आणि वैजू बसे. मग रात्रभर तिला स्वतःचा राग येई.

बाईंना मदतीला माणूस हवा होता. गावाने न्हानू दिला.

पहिल्या दिवशी बाईंनी त्याला नियम सांगितला. फळीची दोरी कायम पायाला बांधलेली हवी, फळी कधी सुटता कामा नये.

"बरां," न्हानू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीत दळण घेऊन गेला. डोक्यावर पिठाचा डबा, पायाला दोरी, दोरीला फळी. वाटेत फळीने दोन कोंबड्या, एक सायकल आणि द्रौपदीआत्याच्या अंगणात वाळत घातलेली सुकी कोळंबी आडवी केली. बाई धावत आल्या. फळीचं पोट खरवडून निघालं होतं.

"बाई, तुमीच सांगलात कायम," न्हानू म्हणाला.

बाईंनी समजावलं की जमिनीवर ओढत न्यायचं नसतं. मधोमध धरायचं, काखेत घ्यायचं आणि फळीचं डोकं पुढे ठेवून चालायचं, म्हणजे कुठे आपटत नाही.

"बरां."

महिन्याभराने साहेब मध्येच एकदा फळ्या बघायला आले. ओहोटी होती, जेटीच्या पायऱ्यांवर चिखल. बाई वर्गात अडकल्या होत्या, म्हणून त्यांनी न्हानूला निरोप दिला, साहेबांना नीट शाळेपर्यंत घेऊन ये. न्हानूने साहेबांना मधोमध धरलं, काखेत घेतलं आणि डोकं पुढे ठेवून शाळेपर्यंत आणलं. कुठेही आपटू दिलं नाही. साहेबांचा चष्मा वाटेत पडला तो मागाहून सापडला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

साहेब गेल्यावर बाई डोकं धरून बसल्या. मग म्हणाल्या की बाबा रे, समोर माणूस असला की त्याला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं, हात जोडायचे आणि हसून 'या' म्हणायचं.

"बरां."

चारच दिवसांनी एक मुलगा फळीवरून पाण्यात पडला. अंगात लाइफ जॅकेट होतं, बुडण्यासारखं काही नव्हतं, पण पोरगं घाबरलं आणि न्हानूला हाका मारू लागलं. न्हानू कंबरभर पाण्यात लांब उभा राहिला, हात जोडले आणि हसून म्हणाला, "या." मुलगा रडत रडत आपला आपणच काठाला आला.

बाई आता थकल्या होत्या, पण न्हानूवर चिडणं त्यांना जमेना. तो प्रत्येक शब्द इतका मन लावून ऐकायचा. त्यांनी सांगितलं की हात जोडून काय उपयोग? पडणाऱ्याला हिंमत द्यायची. टाळ्या वाजवायच्या आणि मोठ्याने म्हणायचं, पडलात तर काय झालं, परत उभे राहा.

"बरां."

त्याच आठवड्यात द्रौपदीआत्या टोपलीसकट जेटीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. मासळी एकीकडे, आत्या एकीकडे. न्हानू शेजारीच उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या. "पडलात तर काय झालं? परत उभे राहा," असं तो मोठ्याने म्हणाला. आत्या कशीबशी उठली, पुन्हा घसरली. न्हानूने पुन्हा टाळ्या वाजवल्या. जेटीवरची माणसं हसली, आणि हे काही बरं झालं नाही.

आत्याने बाईंना सांगून टाकलं, उद्यापासून वैजू येणार नाही. जिथे म्हाताऱ्या बाईच्या पडण्यावर टाळ्या वाजतात, तिथे पोरीच्या पडण्यावर काय होईल? साहेब यायला पंधरा दिवस उरले होते आणि खांबाला वळसा घालण्याइतका तोल एकट्या वैजूकडे होता. बाई न्हानूला घेऊन आत्याच्या घरी गेल्या, हात जोडले. वैजू दाराआडून ऐकत होती, तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शेवटी आत्या म्हणाली, येऊ दे तिला, नाहीतरी मी बस म्हटलं की ती बसतेच. मग ती न्हानूकडे वळली.

"माणूस उभो दिसलो की आधी 'बसा' म्हणाचा. येवडी रीत तुका कोणीच शिकवूक नाय?"

"नाय," न्हानू म्हणाला. त्याला खरोखरच कोणी शिकवली नव्हती. "बरां."

त्या संध्याकाळी बाई वैजूबरोबर जेटीवर बसल्या. वैजूने विचारलं, आत्या ओरडली की पाय आपोआप दुमडतात, मी काय करू?

"काठावरून कोणी बस म्हटलं ना, की समजायचं, आपण अजून उभ्या आहोत," बाई म्हणाल्या.

साहेब यायचा दिवस उजाडला. सगळं गाव जेटीवर लोटलं. साहेब लाँचने आले, पण जेटीवर उतरले नाहीत. न्हानूला बघून त्यांनी लाँच खांबाजवळ उभी करायला लावली आणि तिथूनच परीक्षा घ्यायचं ठरवलं. अंगात लाइफ जॅकेट घालून ते लाँचच्या टोकाला उभे राहिले. घाटावरचा, देशाकडचा माणूस, त्याला होडीतली रीत काय ठाऊक?

बाईंनी न्हानूच्या हातात भोंगा दिला. एक-दोन-तीन म्हणायचं, बस, बाकी काही नाही.

न्हानूने एक-दोन-तीन म्हटलं. सहा मुलं सहा फळ्यांवर उभी राहून निघाली. पहिल्यांदाच सहाच्या सहा उभी होती. बाईंनी पदर तोंडाशी धरला. खांब जवळ आला तरी एकही गुडघा टेकला नव्हता.

न्हानू बघत होता. सहा पोरं कधीची उभी. पलीकडे साहेब उभे, ते तर पाहुणे. आणि एवढ्या गावात त्यांना कोणी बसासुद्धा म्हणत नाही. न्हानूला गावाची लाज वाटली. त्याने भोंगा उचलला.

"उभे कित्याक? बसा."

भोंगा चांगला होता. आवाज पलीकडच्या तिवरांच्या झाडीपर्यंत गेला. पाच मुलं बसली. जेटीवरची माणसं बसली. बाईही बसल्या. साहेब आज्ञाधारक माणूस होते, तेही बसले, पण लाँचच्या टोकाला बसायला जागा नव्हती. ते सरळ खाडीत बसले.

न्हानूने टाळ्या वाजवल्या. "पडलात तर काय झालं? परत उभे राहा," तो भोंग्यातून म्हणाला. साहेबांचे पाय तळाला लागत नव्हते.

वैजू उभी होती. 'बसा' तिनेही ऐकलं होतं. तिचे गुडघे दुमडायला लागले, आणि तिच्या मनात आलं, म्हणजे मी अजून उभी आहे. तिने वळसा घातला. हातपाय मारणाऱ्या साहेबांना हाताशी तिचीच फळी लागली. ते पालथे होऊन वर चढले. फळी एका बाजूला कलली. जेटीवर द्रौपदीआत्या उठून पुढे आली. आता ती काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सायबानू, तुमी बसान रव्हा," आत्या ओरडली. "वैजू, तू उभी रव."

वैजू उभी राहिली. पुढे साहेब मांडी घालून, मागे वैजू ताठ, अशी फळी जेटीला लागली. बाई रडत होत्या, आत्या रडत होती, आणि कोणी ते लपवलं नाही. साहेबांनी ओल्या हाताने कागदावर सही केली. फळ्या गावाच्या झाल्या. मग न्हानूच्या बाजूने न जाता, लांबून वळसा घालून ते जेटीला येऊन लागलेल्या लाँचमध्ये घाईघाईने चढले.

ओहोटी लागली होती. बाईंनी डोळे पुसत न्हानूला सांगितलं, फळ्या आता आपल्या आहेत, वाहून जाता कामा नयेत, भक्कम काहीतरी बघ आणि घट्ट बांधून ठेव.

"बरां."

न्हानूने सहा फळ्या एकामागे एक बांधल्या. जेटीचा लाकडी खांब हलवून बघितला, तो हलला. दुसरा बघितला, तोही हलला. शेजारीच एक लोखंडी कडी होती. ती ओढून बघितली, ढिम्म हलेना. न्हानूने तिला दोरी बांधली, दुहेरी गाठ मारली.

कडी लाँचची होती.

इंजिन सुरू झालं. लाँच निघाली, तिच्यामागे एक फळी निघाली, मग दुसरी, मग तिसरी. सहाव्या फळीवर वैजू होती. तिला एवढ्यात उतरायचं नव्हतं. बाई ओरडल्या, न्हानू, साहेबांना हाक मार. साहेबांनाही मागे काहीतरी जड लागत होतं. ते बघायला उठले आणि मान वळवू लागले.

न्हानूने भोंगा उचलला.

"उभे कित्याक? बसा."

साहेब चटकन बसले, या वेळी आधी फळकूट चाचपून, आणि परत म्हणून मागे बघितलं नाही. लाँच वळणापलीकडे गेली, फळ्या गेल्या. सगळ्यात शेवटी वैजू गेली, वल्हं खांद्यावर टाकून, उभीच्या उभी.