राजद्रोही भिंत

राजे बाजिंदरावांनी स्वतःच्या हातानं राजवाड्याला लावलेला गिलावा दुसऱ्याच दिवशी भद्दकन खाली आला, आणि तोही थेट दिवाणजींच्या पगडीवर!

आता राजानं गवंडीकाम करावंच कशाला? पण शेजारच्या राजानं म्हणे स्वतः विहीर खणली. मग आमचे राजे मागे राहतील होय? राजकन्येच्या लग्नाचं वऱ्हाड पंधरा दिवसांवर आलेलं. राजांनी धोतर खोचलं, थापी उचलली आणि जुन्या चुन्याच्या पोपड्यांवर, धुळीवर, कोरड्या ठणठणीत भिंतीवर खुशाल गिलावा थापला. हा टिकणार नाही हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. पण बोलणार कोण? राजाच्या हाताला नावं ठेवील त्याची अर्धी मिशी भादरायचा हुकूम होता!

मग खापर फुटलं चुना पुरवणाऱ्या हैबती गवंड्याच्या डोक्यावर.

"तुझा चुना भेसळीचा!" राजे गरजले. "टाका याला कोठडीत! वऱ्हाड येईल तेव्हा माझा गिलावा भिंतीवर दिसला तर सुटशील, नाही तर गाढवावरून धिंड आणि हद्दपारी! आणि हो, गिलावा करणार मीच. एकाही गवंड्यानं भिंतीला बोट लावायचं नाही!"

घ्या! आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

हैबतीची लेक सगुणा लहानपणापासून बापाबरोबर चुना कालवत आलेली. बाप कोठडीत गेल्यावर ती रडत बसली का? छे! रडत बसली असती तर मी ही गोष्ट कशाला सांगितली असती? ती पदर खोचून तडक दरबारात गेली.

"महाराज, माझ्या बाच्या चुन्यात खोट नाही. आपल्या हातात तर नाहीच नाही! खरा गुन्हेगार बाहेर मोकळा उभा आहे."

"कोण तो?"

"भिंत, महाराज! राजानं स्वतः दिलेलं वस्त्र जिनं दिवसभरात अंगावरून झटकून टाकलं, ती राजद्रोही नाही तर कोण?"

राजांना हे भलतंच पटलं. सगळा दरबार भिंतीपुढे गेला. "भिंते, गुन्हा कबूल?" राजांनी तीनदा विचारलं. भिंत गप्प.

"बोलत नाही, म्हणजे कबूल!" राजे म्हणाले. आमच्याकडे न्याय असाच व्हायचा, आणि पुष्कळदा याहून लवकर. "पोरी, शिक्षा तूच सांग!"

"आधी हिची जुनी वस्त्रं उतरवा. पोपडे न् पोपडे विटेपर्यंत खरवडून काढा!"

शिपाई खुरपी घेऊन तुटून पडले. शिपाईच ते, गवंडी थोडेच? हुकूम कुठं मोडला?

"आता छिन्नी-हातोडीनं टाचे मारा. वीतभर जागा गुळगुळीत राहता कामा नये!"

भिंत देवी आल्यासारखी खडबडीत झाली. दिवाणजींना आता सगळा डाव कळला. त्यांनी तोंड उघडलं, मिशीवरून हात फिरवला आणि मुकाट्यानं मिटलं.

"आता केरसुणीचे फटके! धूळ उडेपर्यंत!"

"आणि मग बुडवून मारू!" राजे रंगात आले. मग एकदम थबकले. "पण भिंत बुडवायची कशी गं?"

"भिंत पाण्यात जात नसेल, तर पाणी भिंतीवर आणा. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ!"

पाणी मारायला राजे स्वतः उभे राहिले. "घे! अजून घे!" असं म्हणत त्यांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या. चौथ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्यांनी पुन्हा थापी धरली. चुना हैबतीचाच, तोच!

वऱ्हाड आलं. ढोल बडवले, तोफा उडाल्या. व्याह्यांनी काठीनं ठोकून पाहिलं. एक कण पडला नाही.

राजे हट्टी होते, पण अगदीच बावळट नव्हते. व्याह्यांची पाठ फिरताच त्यांनी सगुणाला बोलावलं.

"काय गं, गवंडी गिलाव्याआधी भिंतीचे हेच हाल करतात ना?"

"हेच, महाराज."

"मग खरं सांग. चूक भिंतीची होती की माझी?"

राजाची म्हणावी तर बापाचं काही खरं नाही, आणि भिंतीची म्हणावी तर राजाला तोंडावर खोटं सांगितल्यासारखं! सगुणानं हात जोडले.

"महाराज, टाचे तर कुणाला तरी मारायलाच हवे होते. तुम्हा दोघांत मला भिंतच जरा मऊ वाटली!"

मग राजे असे खो खो हसले, की डोळ्यांतून पाणी आलं आणि दिवाणजींना त्यांना धरावं लागलं. त्याच घटकेला हैबती सुटला, त्याच्या खांद्यावर शालजोडी आली, आणि सगुणाला राजांनी चुनखडीची अख्खी टेकडी लिहून दिली.