दहा दिवस थांबलेली पालखी

पाहुणे दरवर्षी फसतात. चैत्री पौर्णिमेला आसपासच्या सगळ्या गावांत जत्रा असते, म्हणून ते इथेही येतात आणि धारजाईची पालखी ओट्यावर नुसती ठेवलेली पाहून विचारतात, ढोल कुठे? आमची जत्रा वद्य नवमीला. बसा, सांगते.

फार पूर्वी इथे चंद्री नावाची सुईण होती. परगावची, नवऱ्याने टाकलेली. गावात तिचं रक्ताचं कुणी नव्हतं. जत्रेच्या आदल्या दिवशी ती वारली. पंच म्हणाले, चार माणसं देऊन मातीला न्या, जत्रा ठरल्याप्रमाणे होईल. तिचं सुतक धरणार कोण?

पालखीला पहिला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांची थोरली सून राही. तिने सकाळी पुरण घातलं नाही. सांगितलं, आमच्या घराला दहा दिवस सुतक आहे. सुतकातल्या घराने पालखीला हात लावायचा नसतो. पंच दारात आले आणि तिचं तुझं नातं काय, म्हणून विचारू लागले.

राही उंबऱ्यावरून उठलीसुद्धा नाही म्हणे. "तिसऱ्या बाळंतपणात मी मरायला टेकले, तेव्हा भावकीतलं कुणी आलं नाही. ती चार दिवस उशाशी बसली. आता ती माझी कोण, ते तुम्ही सांगायचं नाही."

"मान जाईल, सूनबाई," सासरे म्हणाले.

"जाऊ द्या, मामंजी."

पंचांनी मान चुलत घराला दिला. राहीचा चुलत दीर त्या मानासाठी कित्येक वर्षं झुरत होता. पागोटं आणायला तो धावतच घरी गेला. बायको थंड चुलीपाशी बसलेली.

"बांधा पागोटं खुशाल," ती म्हणाली. "सुतक आपल्यालाही आहे. दोन्ही लेकी तिच्याच हातावर झाल्यात."

पंच तिसऱ्या घरी गेले, चौथ्या घरी गेले. दुपारपर्यंत गावात कुठेच पुरण शिजलं नव्हतं, पंचांच्या घरीही नाही. दहाव्या दिवशी नदीवर राहीच्या मुलाने केस उतरवले, मग चुलत दिराने, आणि सगळ्यांत शेवटी पंचांनी, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी, नवमीला, पालखी निघाली. तेव्हापासून जत्रा नवमीचीच.

आजही इथे परकं माणूस वारलं तर सुतक गावाला असतं. मागच्या वर्षी पुलाच्या कामावरचा एक मजूर तापाने गेला. त्याचं गाव कुणाला ठाऊक नव्हतं. कागदावर 'बेवारस' लिहायला लागले, तेव्हा आमच्या बायकांनी लिहू दिलं नाही. दहाव्या दिवशी नदीवर सत्तावीस जणांनी केस उतरवले.