रस्त्याकडे तोंड केलेल्या चपला

"जाताना माणसाला तहान लागते का?"

हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कागद उलटला. नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाजूला हो. चुलत्याला विचारलं, तर तो रडायलाच लागला.

मग सिद्राम अप्पांना विचारलं. त्यांच्या मठाच्या पायरीवर, चपला काढता काढता.

अप्पा वाकले. त्यांनी माझ्या चपला उचलल्या, रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

"मोठ्या होतात तुला," ते म्हणाले.

"दादाच्या आहेत."

"दादा कुठं आहे?"

मी चपलांकडे बघत राहिलो. अप्पांनी पुन्हा विचारलं नाही.

मल्लूदादाला ठेकेदार गावातून घेऊन गेला होता. कारखान्यात काम आहे म्हणाला, पंख्याखाली बसायचं, दोन वेळा चहा. दादा म्हणाला, चालेल. तिथं नेऊन त्याला टाकीत उतरवलं, साफ करायला. वर काढला तेव्हा श्वास होता म्हणतात. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा पिशवीतून चपला मिळाल्या. त्याच्याजवळ कोण होतं, हेही कुणाला सांगता आलं नाही.

अप्पांचा मठ वेगळा. दवाखान्यानं 'घरी न्या' म्हटलेली आणि घरच नसलेली माणसं तिथं असतात. शेवटपर्यंत.

"मला इथं कामाला ठेवा," मी म्हणालो. "मी बसतो या माणसांजवळ."

"काम वाईट आहे."

"चालेल."

"न बघता?"

मी बाह्या वर सरकवल्या.

"आधी बघ," अप्पा म्हणाले. "दिवसभर बघ. मग चालेल म्हण."

ओसरीवर मठाचे कारभारी शेटे मास्तर पान लावत बसले होते. त्यांना राहवलं नाही.

"अप्पा, पोरगं आपल्या पायानं आलंय. त्याला सेवेचं पुण्य सांगायचं सोडून हे काय? मी चौकात किती छान पाटी लावली होती. सेवाभावी तरुण पाहिजेत, राहणं-जेवण मठाकडून, पुण्यकर्म. एस.टी. भरून पोरं आली की नाही?"

"आली," अप्पा म्हणाले.

"मग पाटी काढायला का लावली?"

"पुण्यासाठी आलेला माणूस पुण्य मिळालं की जातो, मास्तर."

खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. गंगव्वा. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"नव्या आला काय रे?"

"माझं नाव बसवराज. घरी बसू म्हणतात."

"असू दे. इथं येणाऱ्या सगळ्यांचं नाव नव्याच हाय. जुना हुईस्तोवर कोण राहतंय?" मग अप्पांकडे वळून, "ह्यो किती दिवसांचा?"

शेटे मास्तर हसले. अप्पा हसले नाहीत. तांदूळ निवडायला बसले.

"आज गेला तर माझं काम वाढतं," ते ताटात बघत म्हणाले. "सवय लावून गेला तर गंगव्वा तोंड उघडत नाही. मागचा पोरगा गेला तेव्हा तिनं भाताचं शीत घेतलं नाही. कुणाच्याच हातून."

गंगव्वानं पदर तोंडावर घेतला. "त्यो मऊ करून द्यायचा," ती म्हणाली.

मला घाई झाली होती. बघत बसायला मी आलोच नव्हतो.

मी बादली उचलली. आतल्या खोलीत शिरलो. वास आला, पण मी थांबलो नाही. घाण काढली, फरशी घासली. एका आजोबांच्या पाठीला जखमा होत्या, मी तोंड फिरवलं नाही. अप्पांनी सांगितलं तसं त्यांना कुशीवर धरून जखमा धुतल्या. चादरी धुतल्या, पिळल्या, वाळत टाकल्या. ऊन डोक्यावर आलं तोवर खोली लखलखत होती आणि माझा सदरा ओला होता.

शेटे मास्तर दारात येऊन बघून गेले. "अप्पा, वाघ आहे पोरगं! आता तरी ठेवा."

अप्पा माझ्याकडे बघत होते.

"मी तुला काम दाखवत होतो," ते म्हणाले. "तू मला स्वतःला दाखवत बसलास."

मला राग आला. "मग काम कुठं राहिलं? सगळं झालं की!"

"झालं?"

"झालं."

"मग हात धू. आणि त्यांच्याजवळ बस."

कोपऱ्यात रेवप्पा होते. अंगात काही उरलं नव्हतं, नुसते डोळे. त्यांचं अंग पुसून झालं होतं, कपडे बदलून झाले होते, उशी नीट होती. मी खाली बसलो.

"आता काय करू?"

"काही नाही," अप्पा म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

अप्पा भिंतीला टेकून बसले. डोळे मिटले नाहीत, पण माझ्याकडे बघेनातही.

मी बसलो. रेवप्पांची छाती वर जायची, थांबायची. परत येते की नाही असं वाटायचं. मग यायची. मी उठून चादर सारखी केली. बसलो. उठून खिडकी लावली. ऊन गेलं तर बरं नाही वाटायचं, म्हणून परत उघडली. बसलो.

"चन्नू," रेवप्पा म्हणाले. "आलास?"

मी अप्पांकडे बघितलं.

"मुलगा," अप्पा हळूच म्हणाले. "येत नाही."

"मी चन्नू नाही, आजोबा. मी बसू."

"चन्नू..." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. जीभ लाकडासारखी होती.

मी उडी मारून उठलो. माठातून तांब्या भरून आणला. तांब्या त्यांच्या ओठाला लागणार तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं. एवढा जोर या म्हाताऱ्यात असेल असं वाटलं नव्हतं.

"त्यांना गिळता येत नाही. पाणी श्वासात जाईल."

"तहान लागलीय त्यांना!"

मी तांब्या सोडला नाही.

"अप्पा, तहान लागलीय ना त्यांना? सांगा की! लागते ना?"

अप्पांनी तांब्या माझ्या हातातून घेतला. खाली ठेवला. पाणी तिथंच होतं, रेवप्पा तिथंच होते आणि मला काहीच करता येत नव्हतं.

"बस," अप्पा म्हणाले.

मी बसलो नाही. पळालो.

पायरीवर चपला रस्त्याकडे तोंड करून होत्या. शोधाव्या लागल्या नाहीत, वळवाव्या लागल्या नाहीत. पाय सरळ आत गेले. कवठाच्या झाडापर्यंत गेलो, तिथून एस.टी.चा थांबा दिसतो. तिथं थांबलो. मागून कुणी हाक मारेल असं वाटत होतं.

कुणी मारली नाही.

मागे वळून बघितलं. अप्पा पायरीवर येऊन उभे होते. नुसते उभे.

"जाऊ नको म्हणा की!" मी तिथूनच ओरडलो.

"म्हणणार नाही."

"का? घाण काढली, जखमा धुतल्या. एवढं केलं मी!"

"घाणीला कंटाळून इथून कुणी गेलं नाही अजून," अप्पा म्हणाले. "जे गेले ते सगळे त्या कोपऱ्यातूनच गेले. तांब्या खाली ठेवून."

ओसरीवरून शेटे मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले, "हे त्याला आल्या आल्या दाखवायचं असतं का, अप्पा? मुरू द्यायचं जरा."

अप्पा पायरी उतरले आणि माझ्याकडे चालत आले, सावकाश. जवळ येऊन उभे राहिले.

"मघाशी दादा कुठं आहे विचारलं," ते म्हणाले. "तू गप्प राहिलास."

मग मी सांगितलं. पंखा सांगितला, चहा सांगितला, टाकी सांगितली. पिशवी सांगितली. सांगताना मी अप्पांकडे बघत नव्हतो, चपलांकडे बघत होतो.

अप्पांनीही चपलांकडे बघितलं.

"त्या टाकीचं झाकण तुझ्या दादाला आधी उघडून दाखवलं असतं... तर तो उतरला असता?"

"नाही."

"नक्की?"

"आईला सोडून उतरला नसता. घरी आला असता."

"हं," अप्पा म्हणाले. आणि मठाकडे चालायला लागले.

मी तिथं उभा राहिलो. एस.टी. आली. मला बघून झाडाजवळच थांबली, दार उघडलं. कंडक्टरनं विचारलं, येणार का? अप्पांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

एस.टी. गेली.

मला एवढंच वाटत होतं, की तांब्या ठेवून दिल्यावर अप्पा काय करतात? रोज काय करतात? ते मी बघितलंच नव्हतं. अर्ध्यातच उठून आलो होतो.

मी पळतच परत गेलो. चपला पायरीवर कशाही भिरकावल्या. गंगव्वा म्हणाली, "आला गं बया," पण मी थांबलो नाही.

अप्पा रेवप्पांजवळ बसले होते. वाटीत पाणी होतं, पाण्यात कापसाचा बोळा. त्यांनी बोळा पिळला. थेंब पडेना इतका पिळला. आणि रेवप्पांच्या ओठांवरून फिरवला, बाळाला काजळ घालावं तसा.

एवढंच होतं.

मी हात पुढं केला. अप्पांनी बोळा दिला, जागा दिली.

मी पिळला, फिरवला. ओठ परत सुकले. मी परत फिरवला. मध्ये काहीच नव्हतं करायला, नुसतं बसायचं होतं. रेवप्पांनी माझं बोट धरलं.

"चन्नू?"

मी बसू आहे हे मला सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं.

"आलो," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. छाती वर जात होती, खाली येत होती. झोपले. बोट सोडलं नव्हतं, म्हणून मीही हललो नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, मग भिंतीवरून गेलं.

मी हळूच विचारलं. "अप्पा, आता तरी सांगा. लागते का?"

अप्पांनी वाटीतलं पाणी बदललं. वाटी माझ्याजवळ ठेवली.

"तू बसला होतास," ते म्हणाले. "मला काय विचारतोस?"

गंगव्वाच्या जेवणाची वेळ झाली तेव्हा रेवप्पांची मूठ झोपेतच सैल झाली, श्वास चालूच होता. मी भात मऊ कालवला. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग घासाकडे. "उद्याला हाईस काय?" तिनं विचारलं.

"आहे."

"परवा?"

"परवाचं परवा सांगतो."

"ह्यो खरं बोलतोय," ती अप्पांना म्हणाली, आणि तोंड उघडलं.

तिला भरवून मी बाहेर आलो. चपला तशाच पडल्या होत्या, एक पालथी, एक पायरीखाली. मी खाली बसलो. सदऱ्याच्या टोकानं पुसल्या. पट्ट्यात अजून कसलीतरी पांढरी माती होती, तीही नखानं काढली. मग दोन्ही चपला जवळजवळ लावल्या, रस्त्याकडे तोंड करून. जाणाऱ्याला वळवाव्या लागू नयेत अशा.

दादासाठी मी केलेलं ते शेवटचं काम.

अप्पा दारात उभे होते. किती वेळ होते, कळलं नाही. त्यांनी चपलांकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"दादाच्या लावल्यास," ते म्हणाले. "तुला जावंसं वाटलं तर तुझ्या कुठं आहेत?"