शेवटच्या वाफ्याचे मीठ

एका राज्यात सोने पिकत नव्हते, मीठ पिकत होते, आणि त्या मिठावर राज्याचे छान चालले होते. खाडीला लागून मिठाचे शंभर वाफे होते. भरतीचे पाणी पहिल्या वाफ्यात शिरे, तो भरला की दुसऱ्यात उतरे, आणि असे उतरत उतरत शंभराव्यात पोचे. पोचे म्हणजे कधी पोचे, कधी वाटेतच संपे. वाफा बापाकडून लेकाकडे जाई. पहिल्याचा लेक पहिल्यावर, शंभराव्याचा शंभराव्यावर, अशी तिथली रीत.

राजा मणिकेत न्यायी होता, आणि आळस त्याला खपत नसे. त्याच्या आजाने शंखपाल नावाच्या जादूगाराकडून एक तराजू करून घेतला होता. कोणाच्याही मिठाची चिमूट त्यात टाकली की वर्षाचा अख्खा ढीग तोलला जाई. एका पारड्यात मीठ, दुसऱ्यात राजघराण्याचा काळा दगड. मापाच्या दिवशी ज्याचे मीठ सर्वांत जड भरे, त्याला राजा स्वतः रेशमी पागोटे बांधी. ज्याचे सर्वांत हलके, तो आळशी ठरे. आणि जो लागोपाठ तीन वर्षे आळशी ठरे, त्याचा तिथल्या तिथे खंड्या पक्षी होई. बारा महिने त्या पक्ष्याला माणसाची वाचा राही. पुढच्या मापाच्या दिवशी सूर्य बुडाला की तीही जाई.

खाडीतल्या खुंटांवर असे सतरा पक्षी बसत. सतराही शेवटच्याच वाफ्यांतले कसे, हे कोणी विचारले नाही. ज्याच्या वाफ्यात पाणी असते त्याला असले प्रश्न पडत नाहीत.

अठरावा झाला धावजी, शंभराव्या वाफ्याचा धनी. त्या दिवशी सकाळी त्याची बायको पोवळा त्याला म्हणाली होती, "तिसरं वर्ष आहे. तुमच्याच हातांत काही उणं असेल, धनी." धावजी मीठ घेऊन मापाला गेला. दुपारी तो पक्षी झाला. ते वाक्य मग पोवळेच्या जिवाला लागून राहिले. जेवताना आठवे, पाणी भरताना आठवे. शेवटी तिने नवऱ्याच्या ढिगातले मूठभर मीठ पदराच्या गाठीला बांधले, पक्ष्याला खांद्यावर घेतले आणि शंखपालाचे बेट शोधायला निघाली. बेट सापडेपर्यंत अकरा महिने गेले. धावजीला आता एकेक शब्द आठवून बोलावे लागत होते.

शंखपाल दारात बसून तराजूंच्या साखळ्या घासत होता.

"माझ्या नवऱ्याला माणूस करा," पोवळा म्हणाली.

"तीन कामं कर, मग बघू." जादूगारांना सरळ हो म्हणायची सवय नसते.

पहिले काम असे, की किनाऱ्यावरची खड्यांची टेकडी सूर्यास्ताच्या आत झोपडीमागे नेऊन ठेवायची. पोवळेने टोपली घेतली. तिन्हीसांजेला टेकडी झोपडीमागे होती.

"हे कशानं झालं?" शंखपालाने विचारले.

"हातांनी."

दुसरे काम, समुद्राच्या तळाशी अडकलेली तांब्याची घागर आणायची. पोवळेने तीनदा बुडी मारली आणि तिन्हीदा लाटेने तिला काठावर आणून टाकले. मग ती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी अशी ओहोटी लागली की समुद्र कोसभर मागे सरला. ती चालत गेली आणि घागर घेऊन आली.

"हे कशानं झालं?"

"ओहोटीनं," ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, "पण मी काठ सोडला नव्हता."

शंखपाल मिशीत हसला आणि तिला एका कोरड्या वाफ्यापाशी घेऊन गेला. "यात दिवस बुडायच्या आत मीठ पिकव."

पोवळेने वाफा सपाट केला, चोपला, बांध नीट केले. वाफ्याला पाण्याची वाटच नव्हती. दुपारपर्यंत तळहात सोलले, तरी ती थांबली नाही. दिवस कलला तेव्हा खांद्यावरून धावजी बोलला, "सोड, पोवळे. आपल्याच हातांत... उणं आहे."

आपलेच वाक्य त्याच्या तोंडून ऐकले आणि पोवळा बांधावर बसून रडली. वर्षभर तो हेच घोकत होता. मग तिने डोळे पुसले आणि ती शंखपालापुढे जाऊन उभी राहिली.

"हे काम माझ्यानं झालं नाही. पण माझे हात उणे नाहीत. तुमच्या वाफ्यात पाणी नाही."

"तिसरं काम झालं," शंखपाल म्हणाला. "एवढं बोलायला आजवर कोणी आलं नव्हतं. बाई, मी तराजू दोन पारड्यांचा केला होता. दुसऱ्यात दगड टाका असं मी सांगितलं नव्हतं. काय टाकायचं ते आता तुला कळलंय."

ती परतली तो मापाचाच दिवस होता आणि ऊन उतरले होते. वाटेत शंभराव्या वाफ्याशी थांबून तिने तळाशी उरलेले पाणी शंखपालाने देऊन टाकलेल्या त्या तांब्याच्या घागरीत घेतले. दरबारात पहिल्या वाफ्याचा हिरोजी सातवे पागोटे बांधून घ्यायला उभा होता.

"महाराज, एक मागणं आहे," पोवळा पुढे होऊन म्हणाली.

"बोल."

"तो दगड काढा. ज्याचं मीठ, त्याच्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या पारड्यात टाका. चिमटीनं ढीग तोलला जातो, तर थेंबानं वर्षाचं पाणीही तोललं जाईल."

"म्हणजे मी सात वर्षं झोपा काढल्या?" हिरोजीने आपले दोन्ही तळवे पुढे केले. त्यांना भेगा होत्या.

"नाही, हिरोजीदादा. तुमचे कष्ट खोटे नाहीत. ह्यांच्याही हातांना अशाच भेगा होत्या."

राजा उठून दगडापाशी आला. तो त्याच्या आजाचा दगड होता. मग त्याने स्वतः तो उचलला, जमिनीवर ठेवला आणि वाफ्यावाफ्यातले पाणी आणायला माणसे धाडली.

हिरोजीची पारडी समान राहिली आणि त्याने सुटकेचा श्वास टाकला. दुसरा वाफा राजाच्या मेव्हण्याचा. चिखलात पाय घालून त्यांना दहा वर्षे झाली होती. त्यांच्या मिठाचे पारडे असे वर गेले की दांडीला आपटले. दरबारातल्या सगळ्यांना एकाएकी छताची नक्षी बघावीशी वाटली.

शेवटी पोवळेने पदराची गाठ सोडली. एका पारड्यात धावजीचे मीठ पडले, दुसऱ्यात घागरीतला थेंब. मिठाचे पारडे खाली आले, आणखी खाली आले आणि जमिनीला टेकले. साखळी तुटली. जादूचा तराजू साधे पितळ झाला. सूर्य बुडायला दोन बोटे बाकी होती. खुंटांवरचे सतरा पक्षी उडाले आणि माणसे होऊन काठावर उतरले. अठरावा पोवळेच्या खांद्यावरून उतरला आणि धावजी झाला.

"चूक या दगडाची नाही, माझी आहे," राजा म्हणाला. "यापुढे वाफे दरसाल फिरतील. यंदा शेवटचा पहिल्यावर, आणि पहिला शेवटच्यावर."

हिरोजी शंभराव्या वाफ्यावर गेला, आणि महिन्याभरातच पागोट्यांविषयी बोलेनासा झाला. पण ते पुढचे. त्या संध्याकाळी पोवळा नवऱ्यापुढे मान खाली घालून उभी होती.

"धनी, त्या सकाळी मी बोलले ते..."

धावजी आपले तळवे उलटसुलट करून बघत होता. "पोवळे, हे उणे नव्हते?"

"नव्हते, धनी. कधीच नव्हते."

हे शेजारी उभ्या असलेल्या सतरा जणांनी ऐकले, आणि प्रत्येकाने हळूच आपले हात उघडून पाहिले.