पंखात मावतील तेवढी

आंबेदऱ्याच्या खिंडीतून गाडीवाटही झाली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. खिंडीच्या अलीकडे आंबेदरा, पलीकडे ठकूबाईचं माहेर. मध्ये नुसता काळा कातळ आणि वारा.

एका साली आंबेदऱ्यात कोंबड्यांवर मर आली. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान टाकायची. असं करता करता सगळी खुराडी ओस पडली. गावात आरवायला कोंबडा उरला नाही. असं म्हणतात, की सूर्यालासुद्धा तेव्हा उगवायची वेळ कळेना. तो डोंगराआड ताटकळत बसायचा आणि बायका जात्यावर उशिरा बसायच्या. बाळंतिणीला उकडून द्यायला अंडं नव्हतं, पाहुणा आला तर कालवणाला काही नव्हतं.

ठकूबाई तेव्हा त्या गावची नवी सून. ती एवढीशी होती, पण एकदा बोलली की बोलली. पाणवठ्यावर सगळ्यांसमोर ती म्हणाली, "या गावात कोंबडा आरवेल, तेव्हाच मी डोक्यात फूल माळीन."

बायका हसल्या. "मग जन्मभर तशीच राहशील गं!"

माघाच्या थंडीत ती माहेरी गेली. भावाकडे पिल्लांना तोटा नव्हता. तिने बांबूचं भलंमोठं डालगं घेतलं आणि ते काठोकाठ भरलं. जास्त नेली तर जास्त जगतील, असा तिचा हिशेब. कोंबडी मात्र नेली नाही. तेवढ्या जागेत आणखी पिल्लं बसतात ना!

ती आंबेदऱ्यात परतली, त्या रात्री थंडीत पिल्लं ऊब शोधत एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली. खालची गुदमरली, वरची गारठली. सकाळी ठकूबाईने झाकण काढलं, तर आत चिवचिव नव्हती.

सासू म्हाळसाबाई दारातूनच म्हणाली, "डालगं भरून आणलंस, खड्डा भरून पुरशील. आता बस कर."

ठकूबाईने परसात खड्डा खणला. मूठमूठ माती लोटताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनाशी विचारत होती. किती आणायला हवी होती? डालग्यात मावतात तेवढी नव्हे. मग किती?

उत्तर मिळेना, तेव्हा ती पुन्हा माहेरी निघाली.

तिला अंगणात बघून वहिनी म्हणाली, "काय वन्सं, आमची पिल्लं तुमच्याकडे मरायलाच येतात की काय?"

भाऊ तसा मायेचा. पण त्यानेही बजावलं, "ठके, ही शेवटची खेप. पुन्हा मागायला येऊ नकोस. आणि एवढा डोंगर चढून आलीस, तर डालगं नीट भरून ने."

"नाही दादा. मागच्या खेपेला डालग्याने मोजली, तिथेच चुकलं. आता कोंबडी मोजेल."

तिने भावाकडून एक तांबडी कोंबडी मागून घेतली. दिवेलागणीला कोंबडी पंख फुगवून बसली. ठकूबाई समोर उकिडवी बसून एकेक पिल्लू हळूच तिच्याखाली सरकवू लागली. कोंबडी थोडी सरकायची, पंख सैल करायची, पिल्लू आत घ्यायची. होता होता एका पिल्लाची शेपटी बाहेर राहिली. कोंबडीने पंख ताणून पाहिला, तरी ती झाकेना. ठकूबाईने ते पिल्लू उचललं आणि वहिनीच्या ओंजळीत परत दिलं.

"बस्स. एवढीच."

वहिनी बघतच राहिली. "एवढ्याने काय गाव भरणार?"

"ही जगली, तर भरेल."

किती होती ती पिल्लं? कुणी सात म्हणतं, कुणी नऊ. आंबेदऱ्यात अजून त्यावरून वाद होतात.

दुसऱ्या दिवशी खिंडीच्या ऐन कातळावर तिला गारांनी गाठलं. आडोसा कुठेच नव्हता. पहिल्याच गारांनी डालग्याचं झाकण फुटलं. ठकूबाईने डालगं खाली ठेवलं, कोंबडीने पंख पसरले आणि ठकूबाई डालग्यावर पाठीचा आडोसा करून ओणवी झाली. असं म्हणतात, की त्या वेळी कोंबडीचे पंख सुपाएवढे झाले. असं म्हणतात, की लिंबाएवढ्या गारा ठकूबाईच्या पाठीला लागायच्या आणि पाणी होऊन ओघळायच्या. गारा थांबल्या तेव्हा कातळ पांढरा झाला होता. तिने पंख उचलून पाहिला. सगळी आत होती, कोरडी, उबदार. एक जरी जास्त आणलं असतं, तरी ते पंखाबाहेर राहिलं असतं.

त्या कातळावर आजही एक कोरडी जागा दाखवतात. कितीही पाऊस पडो, ती भिजत नाही म्हणे.

पुढे पिल्लांतला एक कोंबडा झाला. एका पहाटे तो कौलावर चढून असा आरवला, की सूर्य दचकून वर आला. म्हाळसाबाई परसात गेली, अबोलीचा गजरा केला आणि सुनेच्या डोक्यात स्वतःच्या हाताने माळला.

मग तांबडी अंड्यांवर खुडूक बसली आणि तिच्याखाली नवी पिल्लं निघाली. ठकूबाई रोज दिवेलागणीला बघायची. पहिल्या पिल्लांतल्या कोंबड्या तिने शेजारीपाजारी दिल्या होत्या; जी पंखाबाहेर दिसायची, ती शेजारच्या घरातल्या कोंबडीखाली नेऊन सोडायची.

"अगं, सगळी वाटून टाकशील!" सासू ओरडली.

"ती आपली नव्हेतच, आत्याबाई. पंखाबाहेरची आहेत."

शेजारणीच्या पंखात न मावलेली तिच्या शेजारणीकडे गेली. असं दारोदार होत गेलं आणि गावातलं एकही खुराडं रिकामं राहिलं नाही.

आता आंबेदऱ्यात पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात आणि बल्बच्या उजेडात वाढतात. पण किती आणायची, हे अजून कुणी खोक्याच्या मापाने ठरवत नाही. पहिल्या संध्याकाळी घरातली बाई बल्बसमोर उकिडवी बसून बघते. उजेडाबाहेर जे कुडकुडत राहील, ते ओंजळीत घेते आणि शेजारच्या दारात उभी राहते. तिथे कुणी तिला नको म्हणत नाही, कुणाचं म्हणून विचारतही नाही. आतून एवढंच ऐकू येतं, "ठकूआईचं आलंय गं, जागा कर."