वेशीत राहिलेला तिरका

त्या राज्यात अक्षरं आणि चिन्हं राहत, आणि वेशीपलीकडे त्यांना वाचणारी माणसं. काही सांगायचं झालं की अक्षरं रांग धरून वेशीतून जात आणि पलीकडच्या भिंतीवर उभी राहत. वेशीवरचा दरवान भला होता, पण हुकमाचा ताबेदार. काही चिन्हं राजाचा हुकूम घेऊनच येतात, असं तो धरून चाले. त्यांना तो रांग परतेपर्यंत वेशीतच ठेवून घेई आणि हुकूम मागच्यांवर बजावी.

चांदणी हे असंच एक चिन्ह. तिच्या मागची अक्षरं पलीकडे झोकात कलून बाहेर पडत, आणि त्यांना त्याची कोण हौस! चांदणीनं मात्र पलीकडचं नगर जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या नगराला एक धरण होतं. त्यावर पुष्कळ चाकं, आणि प्रत्येकावर एकेक चिन्ह कोरलेलं. पाणी चढलं की चांदणीचं चाक फिरवा, हे सांगायला रांग निघाली. चांदणी नेहमीसारखी वेशीत अडकली. भिंतीवर उरलं एवढंच की चाक फिरवा, तेही ऐटीत कललेलं. माणसांनी हाताला आलं ते फिरवलं आणि अख्खी कुंभारआळी वाहून गेली.

चांदणीच्या डोळ्यांचं पाणी खळेना. तिकडे धरण पुन्हा भरत होतं. ळ हा अक्षरांतला वडीलधारा. शब्दाच्या पुढे कधी उभा राहिला नाही, पण सल्ला द्यायला सदा पुढे. तो म्हणाला, "अगं, एकटीला कोण विचारतंय? बहिणीला घे बरोबर."

दोघी चांदण्या गेल्या. दरवानाला हुकूम दुप्पट कडक वाटला. त्यानं दोघींना ठेवून घेतलं, आणि मागची अक्षरं फुगून लठ्ठ होऊन बाहेर पडली. त्यांत ळही होता; तो दारात मावेल का, अशी त्याची थट्टा झाली. पण हसायला वेळ कुणाला होता?

कोपऱ्यात तिरका उभा असे, एका आडव्या कललेल्या रेघेचं चिन्ह. काटकुळा, जन्माचा तसाच. तो पुढे आला.

"ताई, मी तुझ्या पुढे चालतो."

"त्यानं काय होईल रे?"

"दरवान मला ठेवून घेईल. माझ्याजवळ एकच निरोप आहे. मागून येते ती हुकूम घेऊन नाही, ती नुसती स्वतः आली आहे."

"आणि तू?"

"मी दिसणार नाही."

दरवानानं तिरक्याला पाहिलं, काही न विचारता बाजूला घेतलं, आणि चांदणीला वाट करून दिली. ती उजेडात आली. खाली पाणी घोंघावत होतं. धरणावरची एक बाई भिंत वाचून धावली, चाकांवरून हात फिरवत नेमक्या चाकापाशी थांबली आणि सगळा जोर लावून तिनं ते फिरवलं. पाणी उतरू लागलं. चांदणीच्या अंगावर काटा आला. आपण नुसतं दिसल्यानं एवढं होतं? तिरक्याला हे दाखवावं म्हणून तिनं पुढे पाहिलं, तर तिथे शेजारचं अक्षर तिला खेटून उभं होतं. बोटभरही फट नव्हती.

पुढे एकदा माणसांनी विचारलं, त्या कललेल्या खुणेचं चाक कशाचं? उत्तराच्या रांगेत आता खुद्द तिरकाच हवा होता. तो निघाला, पण एकटा गेला तर दरवान त्यालाही ठेवून घेणार. त्याच्या पुढे कोण चालणार?

तेव्हा कोपऱ्यातून हुबेहूब त्याच्यासारखाच आणखी एक तिरका उठला आणि मुकाट्यानं त्याच्या पुढे जाऊन उभा राहिला.

चांदणी वेशीतून बघत होती. पलीकडे भिंतीवर एकच तिरका उजेडात उभा होता. सारं नगर त्याच्याकडे बघत होतं, आणि तो मान वळवून वेशीकडे.